गुरांमागे गेलेली शाळा

मूल शाळेत आले नाही की हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी नोंद होते. ते कुठे आहे, काय करते आहे, याची विचारपूस क्वचितच होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ती केली आणि शाळेची रीतच बदलली.

ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. मूल हाताळून, पाहून, खेळून स्वतः शिकते, ही माँटेसोरींची दृष्टी तिथे रुजली होती. पण तिची साधने महागडी. खेड्याला कशी परवडणार? १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मोजायलाही तीच आणि रंग-आकार ओळखायलाही तीच.

दलित वस्तीतली मुले मात्र बालवाडीत येईनात. तेव्हा बाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी!

१९५७ साली काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेले. तिथे थोरल्या मुलांच्या कडेवर धाकटी भावंडे असत. त्यांना टाकून शाळेत कसे यायचे? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिला नाव दिले विकासवाडी. तरीही काही मुले राहिलीच, कारण ती गुरे राखत होती. गुरे सोडली तर घरची चूल अडणार. मग शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत आणि मुले झाडाखाली शिकत. ही कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळाही होती.

मुलाला शाळेच्या साच्यात बसवण्यापेक्षा मुलाच्या दिवसाला शाळा जुळवून घेणे, एवढेच त्यांचे शास्त्र. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. ‘कुरणशाळा’ मात्र आपण विसरलो. शिक्षण हक्काचा कायदा २०१० साली लागू झाला; तरी उसाच्या फडात आणि वीटभट्टीवर आईबापांमागे जाणारी मुले आजही आहेत. त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिण्याआधी एकदा कोसबाडची टेकडी आठवावी.