आपल्या हुतुतूची नोंद

भातकापणी झाली, की वांगणीच्या रिकाम्या खाचरांत हुतुतूचा डाव रंगायचा. या खेळाचे नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये छापले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो जगाला दाखवला. आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये आली, महिलांची मात्र २०१० मध्ये; तेव्हा आम्ही मुली तिशीत होतो.

जिमखान्यांच्या नोंदी राहिल्या, आपल्या शाळेच्या संघाची एकही नाही. पहिला कर्णधार कोण, मुलींना मैदानात कोणी उतरवलं, हे सांगू शकणारे गुरुजी आणि सवंगडी आज सोबत आहेत. संगणकावर मी परक्यांची माहिती जपते. आपली निदान वहीत उतरवू या. नावं कळवा.