सिल्क रोडची उघडी खातेवही

2011 मध्ये शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर परदेशी टपाल तपासणाऱ्यांच्या हाती वेगळीच पाकिटं लागू लागली. आत किलोंनी माल नव्हता, नशेच्या मोजक्या गोळ्या होत्या. अमली पदार्थ म्हटले की टोळ्या, बोटी आणि खबरे हा पोलिसांचा अनुभव. इथे मात्र पोस्टमनच माल घरपोच करत होता.

ही पाकिटं 'सिल्क रोड' नावाच्या बाजारातून येत होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हा बाजार इंटरनेटच्या आडवाटेवर उघडला होता. तिथे जायला 'टोर' लागे. अनेक संगणकांतून फिरवून माणसाचा ठावठिकाणा झाकणारं हे तंत्र मुळात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आलं. पैसे द्यायचे ते बिटकॉइनमध्ये. हे चलन तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. बाकी सगळा रिवाज रीतसर दुकानदारीचा: विक्रेत्यांबद्दल गिऱ्हाइकांचे अभिप्राय, माल पोहोचेपर्यंत रक्कम बाजाराकडे अडकवलेली आणि प्रत्येक सौद्यावर मालकाचं कमिशन. मालक स्वतःला 'ड्रेड पायरेट रॉबर्ट्स' म्हणवायचा. जून 2011 मध्ये या बाजाराची बातमी छापून आली आणि सिनेटर चक शूमर यांनी तो बंद करण्याची जाहीर मागणी केली. गिऱ्हाईक उलट वाढलं.

बिटकॉइन म्हणजे माग न उरणारी रोकड, असा तिथल्या बहुतेकांचा समज होता. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार एका सार्वजनिक खातेवहीत कायमचा नोंदला जातो आणि ती वही कोणीही उघडून पाहू शकतो. तिच्यात नावं नसतात, नुसते अंक-अक्षरांचे पत्ते असतात. पण एखादा पत्ता कोणाचा हे कळलं, की त्याच्या मागचे-पुढचे व्यवहार उलगडू लागतात. 2013 मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सारा मायकलजॉन आणि सहकाऱ्यांनी स्वतः छोट्या-मोठ्या खरेद्या करून पैसा कुठे जातो हे तपासलं आणि असा माग काढता येतो हे दाखवून दिलं.

मालकाचं नाव मात्र साध्या चिकाटीतून सापडलं. करखात्याचे तपास अधिकारी गॅरी अल्फर्ड गूगलवर शोधत बसले होते: या बाजाराचा इंटरनेटवरचा अगदी पहिला उल्लेख कोणी केला? जानेवारी 2011 मधला, 'अल्टॉइड' या टोपणनावाचा मजकूर त्यांना मिळाला. त्याच टोपणनावाने काही महिन्यांनी कामासाठी संगणकतज्ज्ञ शोधला होता आणि संपर्कासाठी आपल्या खऱ्या नावाचा ईमेल दिला होता. रॉस उल्ब्रिक्ट. 1 ऑक्टोबर 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क ग्रंथालयात दोन साध्या वेशातल्या पोलिसांनी त्याच्या पाठीमागे जोडप्याच्या भांडणाचं सोंग केलं. तो वळून पाहतो तोच त्याचा लॅपटॉप चालू स्थितीत हस्तगत झाला. झाकण मिटलं असतं तर आतलं सारं कुलूपबंद झालं असतं.

खटल्यात ती खातेवही कामी आली. बाजाराच्या सर्व्हरवरून या लॅपटॉपवर सुमारे 7 लाख बिटकॉइन आल्याचं सरकारी साक्षीदाराने पत्त्यांनिशी मांडलं. मे 2015 मध्ये जन्मठेप झाली. तिथला माल घेऊन जीव गमावलेल्या मुलांचे आईबाप त्या दिवशी न्यायालयात बोलले. जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी उल्ब्रिक्टला पूर्ण माफी दिली. जन्मठेप फार कठोर होती असं म्हणायला जागा आहे. पण त्या चर्चेत हे आईबाप विसरले जाता कामा नयेत.

या वहीत पोलीसही सापडले, आणि या इतिहासातला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग हाच आहे. अमली पदार्थविरोधी खात्याचा कार्ल फोर्स खरी ओळख लपवून रॉबर्ट्सशी बोलत होता. तपासाची माहिती तो रॉबर्ट्सलाच विकत होता. सीक्रेट सर्व्हिसचा शॉन ब्रिजेस याने तर सिल्क रोडच्या पकडलेल्या एका कर्मचाऱ्याच्या खात्यात शिरून सुमारे 20 हजार बिटकॉइन लुटले. आळ त्या कर्मचाऱ्यावर आला आणि रॉबर्ट्सने त्याच्या खुनाची सुपारी दिली ती नेमकी फोर्सला! खून झाल्याचा देखावा रचला गेला, म्हणून तो माणूस वाचला. करखात्याचे टिग्रान गँबेरियन यांनी बिटकॉइनच्या नोंदींवरून फोर्सचा पैसा शोधला. 2015 मध्ये फोर्सला साडेसहा वर्षांची, तर ब्रिजेसला जवळपास सहा वर्षांची कैद झाली.

आणखी एक चोर बराच काळ निवांत होता. जेम्स झाँग याने 2012 मध्ये सिल्क रोडच्या पैसे काढण्याच्या पद्धतीतली त्रुटी हेरली. बिटकॉइन भरायचे आणि लगोलग अनेकदा काढायचे, असं करत त्याने 50 हजारांहून अधिक बिटकॉइन पळवले. बाजार बुडाला, मालक तुरुंगात गेला, तरी नोंदी तशाच होत्या. नोव्हेंबर 2021 मध्ये जॉर्जियातल्या त्याच्या घराची झडती झाली. काही बिटकॉइन फरशीखालच्या तिजोरीत होते, काही न्हाणीघराच्या कपाटात पॉपकॉर्नच्या डब्यात लपवलेल्या छोट्या संगणकावर. त्या दिवशी जप्त मालाची किंमत 3 अब्ज डॉलरहून अधिक होती. एप्रिल 2023 मध्ये त्याला एक वर्ष एक दिवसाची कैद झाली.