नरकाची दरी आणि अकलोलीचं पाणी

मी दिवाळ्याहून बोलतेय.

जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचं बेट आहे. तिथे नोबोरिबेत्सु गावाजवळच्या एका दरीचं नाव जिगोकुदानी, म्हणजे नरकाची दरी. ज्वालामुखीच्या तोंडातच ती तयार झालीय. जमिनीतून वाफा निघतात, गंधकाचा वास सुटतो, आणि तेच पाणी खाली गावातल्या स्नानगृहांत जातं. आमच्या गटाच्या बैठकीत एकीने मोबाईलवर ही दरी दाखवली आणि हप्ते गोळा करायचे बाजूलाच राहिले. मासळीची पाटी वाहून गुडघे धरलेल्या एक मावशी म्हणाल्या, "त्यासाठी जपान कशाला? अकलोलीचं पानी काय थंड हाय?"

मग आम्ही गेलोच. भिवंडी, अंबाडीवरून वज्रेश्वरी. तानसा नदीच्या काठाने वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही गावं जवळजवळ आहेत आणि गरम झरेही तिथेच. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे पाणी, असं जुनी माणसं सांगतात. जपान्यांना नरक आठवला, आपल्याला राक्षस. पण इथे आता जिवंत ज्वालामुखी नाही. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं, पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. कोकणात असे झरे उत्तर-दक्षिण रांगेनेच सापडतात: इथून पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, खाली थेट राजापूर.

देवळाचा इतिहास लढाईचा आहे. 1737 साली बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी आप्पा पोर्तुगीजांवर चालून गेले. (आपल्या बेलापूरच्या किल्ल्यावरही पोर्तुगीजच होते, तोही त्याच दशकात मराठ्यांनी घेतला.) वसई काही पडेना. तेव्हा त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला, असं सांगतात. मे 1739 मध्ये वसई हाती आली आणि देवीचं देऊळ बांधलं गेलं. म्हणूनच त्याचा तट किल्ल्यासारखा दिसतो. पायऱ्या चढताना मावशी दोनदा बसल्या. पुढे 1936 साली नित्यानंद स्वामी गणेशपुरीला आले, 1961 पर्यंत राहिले, आणि तिथल्या कुंडांवर गर्दी वाढली.

या सगळ्यात बाई कुठे आहे, हे मी शोधत होते. देवी सोडली तर नावानिशी कोणी सापडत नाही. त्या जपानी दरीची गोष्ट मात्र निराळी. 1858 साली ताकिमोतो किन्झो नावाच्या सुताराने तिथे स्नानघर बांधलं, ते बायकोच्या त्वचेच्या आजारासाठी. आज तिथे केवढी मोठी हॉटेलं आहेत, पण सुरुवात एका बाईच्या खाजेपासून झाली.

आमच्या कुंडावर काय झालं सांगते. पुरुष उघड्या अंगाने उतरले, आम्ही नेसत्या साडीने. काही कुंडांचं पाणी 50 अंशांच्या आसपास असतं, म्हणून आधी तांब्याने पायावर घेऊन पाहिलं. मावशी अर्धा तास पाय सोडून बसल्या. गुडघा बरा होणार का, असं त्यांनी विचारलं. मी खोटं नाही बोलले. शेकाने दुखणं थोडा वेळ हलकं होतं, झिजलेला सांधा भरत नाही. रक्तदाब असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका.

खरी पंचाईत वर आल्यावर झाली. आम्हाला कपडे बदलायला आडोसाच मिळाला नाही. चौघींनी चादर धरली आणि एकेक जण आत. ओल्या साडीत ताटकळत मावशी म्हणाल्या, "पानी देवाचं, पन भिंत कोन बांधनार?"

पुढच्या बैठकीत इतिवृत्तात लिहिलंय: सहलीच्या सामानात दोरी आणि दोन जुन्या साड्या घेणे. ग्रामपंचायतीला अर्ज करायचा, त्याचा मसुदा माझ्याकडे आहे.