महाबळेश्वरच्या कड्यांचे बारसे
साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी १८२९ मध्ये झालेल्या करारानुसार महाबळेश्वरचा माथा कंपनी सरकारकडे गेला, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने माल्कम पेठ वसली आणि दरीवर झुकलेल्या कड्यांना, म्हणजे ‘पॉइंटां’ना, साहेबी नावे मिळू लागली. १८२४ मध्ये येथे चढून आलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी लॉडविक यांचे नाव पूर्वीच्या सिडनी पॉइंटला, म्हणजे दरीत घुसलेल्या एका सोंडेला, मिळाले. सिंदोळ्याचा विल्सन पॉइंट आणि नाके खिंडीचा, माल्कम यांच्या कन्येवरून, केट्स पॉइंट झाला. अमेरिकन ध्रुवसंशोधक रिचर्ड बर्ड यांनी १९२९ मध्ये अंटार्क्टिकातील विस्तीर्ण भूभागाला पत्नी मेरीचे नाव दिले, तेव्हा तेथे हरकत घ्यायला रहिवासीच नव्हता. महाबळेश्वरात मात्र नावे आधीपासून नांदत होती, तरीही सावित्रीच्या खोऱ्यावरचा मढीमहाल इंग्रज अधिकारी आर्थर मॅलेट यांच्या नावाखाली झाकला गेला.