हत्ती, आई आणि एका पेशीतली चूक

नंदुरबार जिल्ह्यातल्या वर्गात ‘जनुकीय आजार’ म्हटले की ‘सिकलसेल’ हे उत्तर चटकन येते. भिल्ल व पावरा समाजांत तो बराच आढळतो. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले की हा आजार होतो. त्यामुळे जनुकीय म्हणजे आनुवंशिकच, अशी समजूत होते. ती नेहमी खरी असते का?

इंग्लंडमधल्या जोसेफ मेरिकचे (१८६२-१८९०) डोके, उजवा हात व पाय बेढब वाढले होते. लोक पैसे देऊन हा ‘हत्तीमानव’ पाहत. आपण पोटात असताना आई जत्रेतल्या हत्तीला घाबरली म्हणून असे झाले, असे तो सांगे. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे आपल्याकडेही म्हणतात. दोन्हीकडे दोष आईच्या माथी!

१९८३ मध्ये जर्मन बालरोगतज्ज्ञ वीडेमान यांनी अशा अतिवाढीच्या एका दुर्मीळ आजाराला, रूपे पालटणाऱ्या ग्रीक समुद्रदेवावरून, ‘प्रोटिअस’ हे नाव दिले. मेरिकलाही बहुधा हाच आजार असावा, असे टिबल्स व कोहेन यांनी १९८६ मध्ये मांडले.

हा आजार हाडाकातडीपुरताच नसतो. काही रुग्णांच्या फुप्फुसांत पुटी, म्हणजे हवेने भरलेल्या पोकळ्या होतात. त्या मोठ्या झाल्या की शेजारचा निरोगी भाग दाबला जातो आणि धाप लागते. पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अचानक मृत्यूही येऊ शकतो.

कारण सापडले २०११ मध्ये. अमेरिकेतील संशोधकांनी रुग्णांच्या वाढलेल्या व न वाढलेल्या भागांतील पेशींची तुलना केली. २९ पैकी २६ रुग्णांत ‘एकेटी१’ जनुकात एकाच अक्षराचा बदल दिसला, पण काही पेशींतच! म्हणजे चूक आईवडिलांकडून आलेली नव्हती. गर्भ वाढत असताना एका पेशीत ती घडली आणि तिच्यापासून झालेल्या पेशींत उतरली. शरीर जणू दोन कापडांची गोधडी झाले.

वर्गात जनुके शिकवताना सिकलसेलच्या जोडीला हे उदाहरणही सांगावे. अशा मुलाच्या आईला दोष देण्यात वेळ घालवू नये. त्याला धाप लागली, तर ती थकव्याची न समजता तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.