रचनेवरून विषाची पारख

एखादं रसायन विषारी आहे का, हे कुणालाही न पाजता ओळखता येईल? प्रश्न संगणकाच्या युगातला वाटतो. पण तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

काजऱ्याच्या बियांतलं स्ट्रिक्नीन शरीराला जीवघेणे झटके आणतं. १८६८ च्या सुमारास एडिंबरोच्या क्रम ब्राउन आणि फ्रेझर यांनी त्याच्या रेणूला एक मिथिल गट जोडला. झटके बंद झाले आणि त्याऐवजी स्नायू लुळे पडू लागले. रेणूची रचना बदलली, की विषाचा गुणही बदलतो, हे त्यातून दिसलं.

१८९३ मध्ये फ्रान्सचे शार्ल रिशे यांना आढळलं, की अल्कोहोल, ईथर यांसारखे पदार्थ पाण्यात जितके कमी विरघळतात, तितके अधिक विषारी ठरतात. पुढे जर्मनीत हान्स मायर यांनी १८९९ मध्ये आणि झुरिकला अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी १९०१ मध्ये बेडूकमाशांवरचे आपापले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जो पदार्थ पाण्यापेक्षा ऑलिव्ह तेलात अधिक उतरतो, त्याची थोडी मात्राही बेडूकमाशांना गुंगी आणत असे. पेशीचं आवरण स्निग्ध असतं. त्यात असे पदार्थ सहज मुरतात.

नियम सुटसुटीत होता, पण पुरेसा नव्हता. मिथेनॉल आणि इथेनॉल यांचंच पाहा. कार्बनची साखळी वाढते तशी गुंगी वाढते. म्हणजे एका कार्बनचं मिथेनॉल सौम्य ठरायला हवं. गुंगीपुरतं ते खरंही आहे. पण आपलं यकृत त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं. दृष्टी जाते, प्राणही जातात. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसं दगावली.

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजचे कॉर्विन हॅन्श यांनी तेल-पाण्याच्या या हिशेबाला रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीची जोड दिली आणि गणिती समीकरण बांधलं. आजच्या संगणकी पद्धती त्याच वाटेने वाढल्या. युरोपीय संघाच्या २००६ च्या ‘रीच’ कायद्याने अशी भाकितं अटींवर स्वीकारली. त्यामुळे प्राण्यांवरच्या काही चाचण्या टाळता येतात.

त्यातली एक अट मोलाची आहे : ज्या जातीच्या रसायनांवरून नियम बसवला, त्यांच्यापुरताच तो वापरावा. मिथेनॉलसारखा दिसायला साधा रेणू शरीरात शिरल्यावर काय होतो, हेही विचारावं लागतं.