बाप्तिस्मा आणि बंदूक : समांतर संकलनाची कुळकथा

गँगस्टरपट दुसऱ्यांदा पाहायला बसलं की शेवट आधीच ठाऊक असतो. कोण कुणाला मारणार, कुठल्या जिन्यावर, कुठल्या दारात, सगळं पाठ असतं. तरीही काही जागा आल्या की दर वेळी सावरून बसावं लागतं. ‘द गॉडफादर’मधला (१९७२) बाप्तिस्म्याचा प्रसंग ही त्यातली माझी सर्वांत आवडती जागा. इकडे मायकल कॉर्लिओनी चर्चमध्ये बहिणीच्या बाळाचा धर्मपिता होतोय आणि तिकडे न्यूयॉर्कपासून लास व्हेगासपर्यंत त्याची माणसं एकेका शत्रूला टिपतायत. दोन ठिकाणी एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आलटून पालटून दाखवण्याच्या या पद्धतीला समांतर संकलन म्हणतात. गँगस्टरपटाने ती पुढे अगदी आपलीशी केली. तिचा जन्म मात्र माणसं मारण्यासाठी झाला नव्हता, वाचवण्यासाठी झाला होता.

१९०९ साली अमेरिकेतल्या बायोग्राफ कंपनीसाठी डी. डब्ल्यू. ग्रिफिथने ‘द लोनली व्हिला’ नावाचा एका रिळाचा मूकपट केला. एकाकी बंगल्यात आई आणि मुली, बाहेर दरोडेखोर, आणि वडील घरापासून दूर. वडील फोनवर असतानाच चोर तार कापतात. इथून पुढे ग्रिफिथ एकदा कचकचणारं दार दाखवतो, एकदा जिवाच्या आकांताने घराकडे निघालेला बाप. बाप पोचेल की दार आधी मोडेल? आदल्याच वर्षी फ्रान्सच्या पाथे कंपनीने अशीच टेलिफोनची गोष्ट पडद्यावर आणली होती, तेव्हा ही युक्ती एकट्या ग्रिफिथची म्हणता येणार नाही. पण तिला घोटून घोटून हुकमी हत्यार केलं ते त्यानेच. कथानक असं मध्येच सोडून दुसरीकडे उडी मारली तर लोकांना कळेल का, अशी शंका कंपनीत निघाली तेव्हा त्याने डिकन्सच्या कादंबऱ्यांचा दाखला दिला, ही आठवण त्याच्या पत्नीने लिहून ठेवली आहे.

त्याच वर्षी ‘अ कॉर्नर इन व्हीट’मध्ये त्याने हे हत्यार वेगळ्या कामाला लावलं. बाजारातला सगळा गहू ताब्यात घेतलेल्या सटोडियाची मेजवानी आणि महागलेल्या पावासाठी उभी असलेली गरिबांची रांग त्याने शेजारी शेजारी ठेवली. इथे कुणी कुणाला वाचवायला धावत नाही. दोन चित्रांमधला संबंध प्रेक्षकाने स्वतः जोडायचा असतो. या कुळाची दुसरी शाखा इथे फुटली. पहिलीत उत्कंठा होती, दुसरीत आरोप आला.

गंमत अशी की गँगस्टरही पडद्यावर आला तो याच ग्रिफिथचं बोट धरून. १९१२ चा ‘द मस्केटिअर्स ऑफ पिग अ‍ॅली’ हा अगदी सुरुवातीच्या गँगस्टरपटांपैकी एक. त्यातला स्नॅपर किड विटांच्या भिंतीला घासत सरळ कॅमेऱ्याकडे सरकत येतो आणि त्याचा सावध चेहरा चौकट व्यापून टाकतो. आजही तो क्षण पाहताना नकळत मागे सरायला होतं. पुढे १९१६ च्या ‘इनटॉलरन्स’मध्ये ग्रिफिथने चार वेगवेगळ्या युगांच्या कथा एकमेकींत गुंफल्या. त्यातल्या आधुनिक कथेत झोपडपट्टीतला एक टोळीवाला आहे आणि शेवटी एका निरपराध तरुणाला फासावरून वाचवण्यासाठी मोटारीने आगगाडी गाठण्याची धडपडही आहे. गँगस्टर आणि समांतर संकलन एकाच चित्रपटात आले, पण संकलन अजून वाचवणाऱ्याच्या बाजूचं होतं.

ते रक्ताशी थेट जोडलं रशियात. सर्गेई आयझेनस्टाइनने ‘स्ट्राइक’मध्ये (१९२५) संपकरी कामगारांच्या कत्तलीत कसाईखान्यातल्या बैलाच्या कत्तलीचे शॉट घुसवले. बैलाचा त्या कथेशी काडीचा संबंध नाही. तरी दोन्ही चित्रं एकमेकांवर आदळली की तिसराच अर्थ उमटतो. ग्रिफिथचं ऋण आयझेनस्टाइनने पुढे एका दीर्घ लेखात मान्य केलं.

हॉलिवुडच्या गँगस्टरपटांना मात्र त्या काळात वेगळीच चिंता होती. गुन्हेगार नायक वाटू लागला तर काय? म्हणून ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१) आणि ‘स्कारफेस’ (१९३२) यांच्या सुरुवातीला उपदेशाच्या पाट्या लागल्या. ‘स्कारफेस’ला तर ‘राष्ट्राची लाज’ अशा अर्थाचं उपशीर्षकही जोडावं लागलं. चित्रपटांसाठीची १९३० ची आचारसंहिता १९३४ पासून कडक झाली. पण खरी चित्रपटकला पाटीत नव्हतीच. ‘स्कारफेस’मध्ये बोलिंग खेळणारा गुंड चेंडू सोडतो आणि त्याच क्षणी गोळी सुटते. पिना कोसळतात, एकटी उरलेली पिन डगमगत राहते आणि मग तीही पडते. माणूस मेला हे आपल्याला त्या पिनेवरून कळतं.

या सगळ्या पूर्वजांचं देणं फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या पदरी पडलं. मारिओ पुझोच्या कादंबरीत बाप्तिस्मा आहे, खूनही आहेत, पण दोन्हींची अशी वीण नाही. ती चित्रपटाची. विल्यम रेनॉल्ड्स आणि पीटर झिन्नर या संकलकांनी ती कशी घातली ते जवळून बघण्यासारखं आहे. पाद्र्याचा हात बाळाच्या चेहऱ्याशी जातो आणि पुढे न्हाव्याचा हात एका मारेकऱ्याच्या चेहऱ्याला फेस लावताना दिसतो. मायकलचा जाडजूड साथीदार क्लेमेन्झा हातात खोकं घेऊन जिने चढतो, घाम पुसतो. त्याचा दुसरा माणूस नेरी कागदी पिशवीतून पिस्तूल आणि पोलिसाचा बिल्ला काढतो. चित्रं तुटत राहतात, पण पाद्र्याची लॅटिन आणि चर्चचा ऑर्गन अखंड चालू असतात. ऑर्गनची कल्पना झिन्नरची. आवाज तुटत नाही म्हणून चर्च आणि जिना, बाळ आणि पिस्तूल एकाच विधीचे भाग होऊन जातात. मग पाद्री विचारतो, सैतानाचा त्याग करतोस? मायकल ‘हो’ म्हणतो, आणि या प्रश्नोत्तरांच्या फटींत लिफ्टमध्ये, मालिशच्या टेबलावर, फिरत्या दारात, बिछान्यात, कोर्टाच्या पायऱ्यांवर माणसं पडत जातात. उपदेशाच्या पाट्यांना जे जन्मात जमलं नाही ते इथे एकाही वाक्याविना होतं.

१९७४ च्या दुसऱ्या भागात कोपोलाने सगळा चित्रपटच बाप आणि मुलाच्या दोन काळांत विभागला. ‘इनटॉलरन्स’चं रक्त इथे स्पष्ट दिसतं. त्यात संत रोकोच्या जत्रेतून मिरवत निघालेला गल्लीतला दादा फनुची आणि छपरांवरून त्याच्या मागावर असलेला तरुण व्हीटो, म्हणजे मायकलचा बाप, असा समांतर प्रवास आहे. व्हीटोने पिस्तुलाला गुंडाळलेला टॉवेल गोळीबरोबर पेट घेतो आणि खाली दारूकाम चालूच असतं. आपल्याकडे ‘सत्या’ने (१९९८) देव आणि खून जवळ आणले, पण वेगळ्या रीतीने. गणपती विसर्जनाच्या गर्दीत, समुद्रकिनाऱ्यावर, नायक सत्या भाऊ नावाच्या टोळीप्रमुखाला भोसकतो. तिथे दोन जागा जोडाव्या लागत नाहीत. मुंबईत मिरवणूक आणि सूड एकाच वाळूवर उभे राहू शकतात, हे राम गोपाल वर्माने ओळखलं.

हे चित्रपट पुन्हा पुन्हा का पाहावेत, याचं उत्तर मला या कुळातच सापडतं. ‘बाप वेळेत पोचेल का’ ही उत्कंठा एका खेळात खर्ची पडते. ‘हे दोन शॉट शेजारी का ठेवले’ हा प्रश्न मात्र संपत नाही. पहिल्यांदा आपण कोण मेलं ते मोजतो. पुढच्या वेळी मायकलचा चेहरा पाहतो, आणि तो खोटं बोलतोय हे कळतं. त्याच्याही पुढच्या वेळी जाणवतं की सूड पुरा व्हावा म्हणून आपणही मनातून वाट पाहत होतो. चांगला गँगस्टरपट आपल्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतो, आणि आपली साक्ष दर वेळी थोडी बदलते.